रुआन माशीच्या अकरा विसंगती

रविवार, १५ फेब्रुवारी १९९८. पुलाखाली पाणी तीन फूट सहा इंच, चढते.

माझे नाव जार्लथ डॉमिनिक रुआन. वय पंचावन्न, अविवाहित. गॉलवेच्या विद्यापीठाचा वाणिज्य शाखेचा पदवीधर, कॅरोमॉइल येथील सहकारी दूधसंस्थेचा चिटणीस आणि गेली एकोणीस वर्षे ओवनडारा नदीच्या मासेमारी मंडळाचा मानद सचिव. या एकोणीस वर्षांत मी स्वतः चार सॅमन मासे धरले आहेत, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

ही दैनंदिनी एका निश्चित हेतूने सुरू करीत आहे. येत्या सप्टेंबरात मंडळाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेत ‘रुआन’ माशीची कृती छापावी, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने संमत केला आहे. माशी म्हणजे गळावर लव, केस, पिसे आणि चमकणारी जर रेशमी दोऱ्याने बांधून केलेले खोटे आमिष. समुद्रातून नदीत चढलेला सॅमन काहीच खात नाही. तरी तो अशा माशीवर झडप का घालतो, हे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही. रुआन माशी माझ्या वडिलांनी १९३७ साली प्रथम बांधली. या नदीवर तिचे नाव ठाऊक नसलेला माणूस नाही, मात्र तिची कृती कोठेही लिहिलेली नाही. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. हात अजून स्थिर आहेत.

आई नऊ वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून वडील पुलाखालच्या घरात एकटे राहतात आणि मी गावात, दोन मैलांवर. रोज सकाळी साडेसातला मी मंडळाच्या नोंदवहीसाठी पुलाखालच्या खुणेच्या खांबावर पाण्याची उंची पाहतो, वडिलांकडे चहा घेतो आणि कचेरीत जातो. त्याच सवयीने प्रत्येक नोंदीच्या शिरोभागी पाण्याचा आकडा घातला आहे. त्याचा मूळ विषयाशी संबंध नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी. पाणी चार फूट एक इंच, गढूळ, पाऊस.

पहिली नोंद. वडील गळ आवळून धरणारा शिकंजा वापरत नाहीत. गळ डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून बांधतात. मी शेजारी बसून लिहून घेतले. गळ दोन नंबरचा, म्हणजे मोठा. धड नारिंगी रंगवलेल्या सील प्राण्याच्या लवेचे. त्यावर सोनेरी जरीचे पाच वेढे. मानेचे पीस पिवळे, पंख हरणाच्या शेपटीच्या केसांचा. दोन्ही बाजूंना डोळा म्हणून हिंदुस्थानातल्या रानकोंबड्याचे एकेक पीस. या कोंबड्याचे पिसांसकट कातडे एका निवृत्त कर्नलने त्यांना पन्नास वर्षांपूर्वी दिले होते. आता तसे मिळत नाही. बांधण्याआधी त्यावर किती पिसे उरली होती ते मी मोजले: चोवीस.

बांधून झाल्यावर माशी माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, “घे. दहाच्या आत जा.”

मला साडेआठला कचेरीत हजर व्हायचे होते. माशी पांढऱ्या पुठ्ठ्यावर टोचली, खाली तारीख लिहिली. काम एका सकाळीत झाले, याचे समाधान वाटले. पडताळणीसाठी आणखी एकदा विचारून घेईन.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. पाणी तीन फूट. उतरते, काळ्या बिअरच्या रंगाचे.

पडताळणी जुळली नाही. आज गळ चार नंबरचा, धड डाळिंबी, सोनेरी जरीचे चार वेढे, मानेचे पीस तपकिरी. मी आठवण करून दिली की मागच्या सोमवारी त्यांनी धड नारिंगी सांगितले होते.

“ते तेव्हा होतं.”

“पण माशी तीच ना, बाबा?”

“तीच की. दुसरी कुठली असणार?”

मी वाद घातला नाही. वही उघडून दोन्ही कृतींना विसंगती एक आणि दोन असे क्रमांक दिले आणि दुसरी माशी पुठ्ठ्यावर टोचली. ही माशीही त्यांनी मला “आजची” म्हणून दिली होती. रानकोंबड्याची आणखी दोन पिसे गेली. नमुन्यासाठी साधी पिसे चालतील, असे मी सुचवले. त्यावर ते इतकेच म्हणाले की नमुना कोण बांधतोय.

सोमवार, ९ मार्च. पाणी दोन फूट दोन इंच, निवळ. पूर्वेचा गार वारा, आभाळ बंद.

गळ सहा नंबरचा, धड काळे, जर रुपेरी, तीन वेढे. वेढे मी स्वतः मोजले.

दोन गोष्टी चिंताजनक वाटल्या. मी आत शिरलो तेव्हा नदीच्या बाजूची खिडकी सताड उघडी होती आणि वडील अंगावर काही न घेता तिच्यासमोर डोळे मिटून बसले होते. खोलीत पाणी गोठेल अशी थंडी होती. मी खिडकी लावली. चहा ओतून वळेपर्यंत त्यांनी ती पुन्हा उघडली. दुसरी गोष्ट, माशी बांधून होताच त्यांनी ती गळासकट तोंडात घातली, थोडी चोखली, बाहेर काढून खिडकीतल्या उजेडाकडे धरली आणि बोटाने पंखातले सहा-सात केस उपटून टाकले. मी विचारले, हे काय. ते म्हणाले, ओली झाल्यावर कशी दिसते ते बघतोय. जीभ फाटली असती. दोन्ही गोष्टी वेगळ्या पानावर नोंदवल्या आहेत.

मंगळवार, १७ मार्च. पाणी दोन फूट नऊ इंच. सेंट पॅट्रिकचा सण.

धाकटी बहीण ऊना डब्लिनहून आली. बेकन, कोबी, बटाटे तिनेच केले. वडिलांनी चांगले जेवण केले आणि रेडिओवरच्या स्थानिक मृत्युवार्ता ऐकून, आता आपल्याबरोबर शाळेत असलेला एकही माणूस मागे उरला नाही, असे खुशीत जाहीर केले.

भांडी घासताना मी ऊनाला पाच विसंगती दाखवल्या. तिने वही नीट पाहिली नाही. म्हणाली, “दादा, तू बाबांना प्रश्न विचारतोस की त्यांची परीक्षा घेतोस?”

मी म्हटले, कृतीला एक उत्तर असते. पाच उत्तरे असतील तर चार चुकीची असतात. ती हात पुसत म्हणाली, “आईचा ब्रेड तरी दोनदा एकसारखा व्हायचा का?” हा युक्तिवाद नव्हे. आई वजनकाटा वापरत नसे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

शुक्रवार, ३ एप्रिल. पाणी एक फूट अकरा इंच, उतरते.

आज दुपारी वडील फाटकापाशी पडले. मनगट मुरगळले, हाड सुदैवाने शाबूत आहे. चुलीवर ठेवलेला खिमटाचा टोप जळून कोळसा झाला होता. फेस्टी गॅननने त्यांना उचलून घरात आणले. फेस्टी हा या नदीवर पाहुण्यांना मासेमारीला नेणारा वाटाड्या; पस्तीस वर्षे वडिलांच्या हाताखाली काम केलेला आणि तोंडाचा फाटका. आजारी माणसाच्या बाजूला बसून तो त्यांना सांगत होता, “डॉमिनिक, मरायचं तर नदीत तरी पड रे, फाटकात काय.” वडील हसत होते. चूल पेटती ठेवून बाहेर का गेलात, असे मी विचारले. नदीच्या बांधापर्यंत जाऊन यायचे होते, म्हणाले.

आरोग्यखात्याच्या नर्स किलबेनबाई संध्याकाळी आल्या. त्यांच्या मते दिवसभर एकटे ठेवणे यापुढे योग्य नाही. स्मरणाबद्दल कुटुंबाचे काही निरीक्षण आहे का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, आहे, तारीखवार आहे.

मंगळवार, २८ एप्रिल. पाणी एक फूट तीन इंच, काचेसारखे निवळ.

नववी विसंगती. दहा नंबरचा, नखाएवढा गळ. धड नुसत्या काळ्या रेशमाचे, लव मुळीच नाही. जरीचे दोनच वेढे. पंखात मोजून आठ केस. मला ती अपुरी वाटली आणि मी तसे म्हणालो. ते म्हणाले, “तू भरतोस. सगळे शिकलेले भरतात. काढता आलं पाहिजे.” मग, मी कोट घालत असताना, “आज सावलीतून जा. गुडघ्यावर बस. तुझी उंची त्यांना दिसते.”

कोणाला, ते त्यांनी सांगितले नाही. वाक्य जसेच्या तसे उतरवून ठेवले आहे.

गुरुवार, २१ मे. पाणी नऊ इंच. तेविसावा कोरडा दिवस. आभाळ निरभ्र.

ही नोंद मी लाल शाईने अधोरेखित करीत आहे. नदीचे दगड उघडे पडले आहेत. पुलाखालून मुले बूट न भिजवता जातात. अशा दिवशी वडिलांनी गळ दोन नंबरचा, धड नारिंगी, सोनेरी जरीचे पाच वेढे आणि पिवळे पीस असे सांगितले आणि बांधलेही: हुबेहूब फेब्रुवारीच्या पुराची माशी. मोठी माशी मोठ्या पाण्याची, एवढे तर मलाही कळते. मी विचारले, “बाबा, नदीत पाणी किती आहे ठाऊक आहे ना?”

“तू बघून आलास ना, मग मला काय विचारतोस?” खिडकी नेहमीप्रमाणे उघडी होती. मग माशी माझ्या हातात देऊन म्हणाले, “ही ठेव. उद्या सकाळी लागेल. उद्या तरी रजा घे, पोरा.”

त्यांच्या मनात महिने सरमिसळ झाले आहेत, यात आता संशय उरलेला नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही. अकरा माश्या, अकरा विसंगती. कातड्यावर दोन पिसे उरली आहेत. बाकीची या प्रकरणात खर्च झाली.

शुक्रवार, २२ मे. पाणी तीन फूट आठ इंच. गढूळ, अजून चढते.

डोंगरात काल संध्याकाळी ढग फुटला म्हणतात. मंडळाच्या दोन होड्या वाहून गेल्या. त्यांच्या विम्याच्या पत्रव्यवहारात संपूर्ण दिवस गेला. फेस्टीने पुलाच्या डोहात चौदा पौंडांचा मासा धरला. तो मुद्दाम माझ्या कचेरीत येऊन, चिखलाचे बूट गालिच्यावर ठेवून म्हणाला, “काय सेक्रेटरीसाहेब, म्हाताऱ्याने काल काय बांधून दिलं तुम्हाला?” मी सांगितले नाही. विषय कौटुंबिक आहे.

गुरुवार, ४ जून. पाणी दोन फूट.

जिल्ह्याच्या गावी तपासणी झाली. मी दोन पानी तक्ता सादर केला: तारीख, सांगितलेली कृती, आधीची कृती, फरक. शिवाय खिडकी, तोंडात घातलेली माशी, जळलेला टोप. आणि पुरावा म्हणून अकरा माश्यांचा पुठ्ठा. मोठ्या डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला. ते स्वतः मासेमारी करीत नाहीत. इतके काटेकोर कौटुंबिक निरीक्षण आपल्याकडे क्वचितच येते, असे ते म्हणाले. मला बरे वाटले, हे लपवीत नाही.

वडिलांना त्यांनी वार विचारला, पंतप्रधान विचारला. वार बरोबर सांगितला. पंतप्रधानाच्या बाबतीत, तो अजून आहे का, असा उलट प्रश्न केला. डॉक्टर हसले, लिहिले मात्र काहीतरी.

शुश्रूषागृहात जागा पंधरा तारखेपासून मिळेल.

सोमवार, १५ जून. पाणी एक फूट आठ इंच.

वडिलांना पोहोचवले. एक पेटी, रेडिओ, आईचा फोटो. कात्री, गळ, सुया आत नेण्यास नियमानुसार मनाई आहे, म्हणून ते सामान घरीच ठेवले. तीस मैलांच्या प्रवासात ते एकदाच बोलले. खिडकी कोणत्या बाजूला आहे, एवढे विचारले. मी सांगितले, मोटारी उभ्या करायच्या जागेकडे. बाजूला छान कुंड्या आहेत. ते ‘बरं’ म्हणाले.

ऊनाने फोनवर माझ्याशी बोलण्यास नकार दिला.

रविवार, २८ जून. पाणी दोन फूट पाच इंच.

भेट. वडील खुर्चीत होते, अंगात दुसऱ्याच कोणाचा तरी स्वेटर. पुस्तिकेसाठी अखेरचा प्रयत्न म्हणून मी विचारले, “बाबा, रुआन कशी बांधायची?”

त्यांनी खिडकीकडे पाहिले. काच उघडत नाही. तशीच बसवलेली आहे. म्हणाले, “मला इथून काय कळणार?”

आपल्याला ठाऊक नाही, असे त्यांनी प्रथमच कबूल केले. ऱ्हास अपेक्षेपेक्षा लवकर होत आहे.

रविवार, १९ जुलै. पाणी एक फूट एक इंच.

भेट. वडील खुर्चीतच होते. घोंगडीच्या कडेचा एक दोरा ओढून काढून तो डाव्या तर्जनीभोवती गुंडाळत होते: चार वेढे, मग उलगडणे, मग तीन. सेविका म्हणाल्या, दिवसभर हेच चालते; त्यांनी दोन वेळा दोरा काढून घेतला. मी आज सेविकांना तो काढून घेऊ दिला नाही. का, ते सांगता येणार नाही.

मंगळवार, ११ ऑगस्ट. पाणी दोन फूट दोन इंच.

पुस्तिकेचा मजकूर छापखान्यात दिला. एकच उत्तर मिळत नसल्यामुळे मी अकरा नोंदींतून प्रत्येक घटकाचा सर्वाधिक वेळा आलेला प्रकार घेतला: गळ सहा नंबर, धड काळे, जर सोनेरी, वेढे चार. त्याबरहुकूम शिकंज्यात धरून मी स्वतः एक माशी बांधली. तीन संध्याकाळी लागल्या. वेढ्यांमधले अंतर भिंगाखाली मोजले असता समान भरले.

फेस्टीने ती उजेडात फिरवून पाहिली. “सुरेख आहे. कोटाला लाव. मासा टोपी काढून हिला वंदन करील आणि पुढे जाईल.” मग हसणे थांबवून म्हणाला, “ही रुआन नाही, जार्लथ. रुआन अशी एक नसतेच.”

मी त्याला अर्थ विचारायला हवा होता. मी त्याला गालिच्याबद्दल बोललो.

रविवार, ६ सप्टेंबर. पाणी दोन फूट सात इंच, उतरते.

जे घडले ते क्रमाने लिहितो.

पुस्तिकेच्या शेवटी या वर्षाच्या पाण्याचा तक्ता द्यावा, अशी छापखान्याची सूचना आली, कारण दीड पान मोकळे राहत होते. मंडळाची नोंदवही आणि ही दैनंदिनी मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि आकडे ताडून पाहू लागलो. दोन वह्या एकमेकींशी जुळवणे हे मी आयुष्यभर केलेले काम आहे. विसंगतींच्या तारखांना पोहोचल्यावर मी सहज, केवळ नीटनेटकेपणासाठी, त्या अकरा नोंदी तारखेऐवजी पाण्याच्या उंचीप्रमाणे लावल्या.

चार फुटांना नारिंगी, गळ दोन, वेढे पाच. तीन फुटांना डाळिंबी, गळ चार. अडीच फुटांना गर्द तपकिरी. दोन फुटांना काळे, गळ सहा. सव्वा फुटाला नुसते रेशीम, गळ दहा, वेढे दोन, केस आठ. पाणी उतरते तसा गळ लहान होतो, रंग विझतो, जर कमी होते. दहा नोंदी एका सरळ रेषेत बसल्या. एकही इकडेतिकडे नाही.

अकरावी बसत नव्हती: एकवीस मे, नऊ इंच, आणि पुराची माशी. मी पान उलटले. बावीस मे, तीन फूट आठ इंच. “उद्या सकाळी लागेल.” खिडकी उघडी ठेवून ते नदी ऐकत होते, आणि त्या दिवशी नदीत नसलेला पाऊसही त्यांनी ऐकला होता.

हे आकडे मी दुसऱ्या कोणाकडून मिळवलेले नाहीत. ते प्रत्येक पानाच्या शिरोभागी माझ्याच अक्षरात आहेत. मी ते लिहिले, वाचले नाहीत.

सोमवार, ७ सप्टेंबर. पाणी पाहिले नाही.

एकोणीस वर्षांत प्रथमच खांबापाशी थांबलो नाही. थेट शुश्रूषागृहात गेलो. वडील अंथरुणात होते. आठवडाभर छातीत कफ आहे. मी काही खुलासा न करता नवी यादी वाचू लागलो: आधी पाणी, मग आभाळ, मग माशी. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मधे एकदा मान हलवली. वाचून झाले तेव्हा डोळे मिटलेलेच होते. झोप लागली असावी, असे वाटले.

“नऊ मार्च,” ते म्हणाले. “पुन्हा वाच.”

वाचले. दोन फूट दोन इंच, पूर्वेचा वारा, आभाळ बंद, काळे धड, रुपेरी जर, तीन वेढे.

“चार. उजेड मेला होता त्या दिवशी. मी एक वाढवला.”

मी म्हणालो, मी स्वतः मोजले होते.

“मग चुकलास.” ते रागाने बोलत नव्हते.

मी विचारले, “बाबा, हे सगळं पाण्याप्रमाणे आहे, हे तुम्ही मला सांगितलं का नाहीत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मोतीबिंदूमुळे त्यांना माझा चेहरा कितपत दिसतो, हे मी कधी विचारलेले नाही. “रोज तर सांगत होतो,” म्हणाले. “रोज म्हणत होतो, जा.”

मंगळवार, ८ सप्टेंबर. पाणी दोन फूट चार इंच.

रजा घेतली. डॉक्टरांच्या कचेरीत जाऊन पुठ्ठा परत मागितला. तो कागदपत्रांबरोबर शिक्का मारून ठेवला होता. सही करून मिळाला. तिसरी माशी, ९ मार्च, भिंगाखाली धरली. वेढे चार आहेत.

डॉक्टरांना लेखी पत्र दिले: “दि. ४ जून रोजी मी सादर केलेल्या तक्त्यातील दहा नोंदी बरोबर आहेत. एक नोंद, निरीक्षकाच्या दोषामुळे, चुकीची आहे. निष्कर्ष संपूर्णपणे चुकीचा आहे. माझ्या वडिलांच्या स्मरणात दोष असल्याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही आणि कधीही नव्हता. त्यांना घरी नेण्याची परवानगी मिळावी.”

पुस्तिकेतील कृतीचे पान काढून टाकण्यास छापखान्याला कळवले. आता तेथे अडीच पाने मोकळी राहतील.

ऊनाला फोन केला. तिने पूर्ण ऐकून घेतले. शेवटी, “महिनाभराची रजा टाकते. घरी आणू या,” एवढेच म्हणाली. मला दोष दिला नाही. दिला असता तर सोपे गेले असते.

शुक्रवार, १८ सप्टेंबर. पाणी एक फूट दहा इंच.

परवानगी मिळाली. मात्र छाती मोकळी होईपर्यंत हलवू नये, असे डॉक्टरांचे मत आहे. शनिवार, २६ तारीख ठरली. फेस्टी पलंग खिडकीशी लावून गेला. जाताना त्याने फाटकाची कडी दुरुस्त केली.

रोज संध्याकाळी गाडीने जातो आणि सकाळचे पाणी सांगतो. ते माशी सांगतात. आवाज बारीक झाला आहे. काल मी त्यांच्या आधी माशी ओळखण्याचा प्रयत्न केला. गळ बरोबर आला, रंग चुकला.

“वारा सांगितलास का?” म्हणाले. “वारा धरलास की आपोआप येईल.”

शनिवार, २६ सप्टेंबर. पाणी दोन फूट एक इंच.

वडील आज सकाळी सव्वासहाला गेले. मी वाटेत होतो. ठरलेल्या दिवशी घरी आणले.

रीतीप्रमाणे ऊनाने आरसा झाकला, घड्याळ थांबवले आणि आत्म्याला बाहेर जाता यावे म्हणून नदीकडची खिडकी उघडली. दोन तासांनी शेजारच्या बाया ती लावायला उठल्या. उघडी राहिली तर गेलेला माणूस परत फिरतो, अशी समजूत आहे. मी खिडकीपाशी खुर्ची ठेवून बसलो आणि ती लावू दिली नाही. ऊना त्यांना म्हणाली, “राहू द्या. तो बसलाय ना.”

लोक रात्रीपर्यंत येत होते. सगळ्यांनी कोट घातलेलेच ठेवले.

बुधवार, ३० सप्टेंबर. पाणी दोन फूट सहा इंच. कालपासून चार इंच उतरलेले. पश्चिमेचा वारा, उंच ढग, मधून मधून ऊन.

मंगळवारी दफन झाले. आज हंगामाचा शेवटचा दिवस. सकाळी मी वडिलांच्या खुर्चीत, खिडकी उघडी ठेवून, सुमारे एक तास बसलो. आधी काहीच ऐकू आले नाही. मग पुलाच्या कमानीखालचा जाड आवाज आणि दगडांवरचा बारीक आवाज वेगळे झाले.

शिकंजा वापरला नाही. गळ बोटांत धरला. तीन वेळा सुटला, एकदा रक्त आले. कातड्यावरची शेवटची दोन पिसे लावली. मग माशी तोंडात घालून ओली केली, उजेडात धरली, आणि पंखातले केस काढले. काढताना अजून हात कचरतो.

ती पुठ्ठ्यावर टोचलेली नाही. दहाच्या आत गेलो. पुलाच्या डोहात संध्याकाळपर्यंत उभा होतो. मासा लागला नाही. साडेतीनच्या सुमारास एक सॅमन माशीच्या मागे वर आला, पाठ दाखवली आणि खाली गेला. तो का परतला, हे कळले तर बरे झाले असते.

बारावी नोंद. गळ चार. धड तपकिरी, त्यात थोडी डाळिंबी लव. सोनेरी जर, वेढे चार, दोनदा मोजले.

बांधणारा: मी.
तपासणारा: कोणी नाही.

जार्लथ डॉमिनिक रुआन
पुलाखालचे घर, कॅरोमॉइल
३० सप्टेंबर १९९८